मोबाईलनं सांगितलं

कर्जत, फार्महाऊसवरून
१८ नोव्हेंबर २०२४

वनिताताय,

नमस्कार आधी घे, शिव्या नंतर दे. तुझी चिठ्ठी झोहराखालानं विकायच्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून मला दिवाळीच्या आधीच आणून दिली होती. मी ती खिशात घातली. मग त्या पँटीला चुना लागला म्हणून दुसरी घातली, मग मुंबईचे पाहुणे आले, मग... हे सगळे बहाणे आहेत. रोज लिहायचं म्हणायचो आणि रोज दुसरंच काहीतरी करायचो. काल तर वही उघडून बसलो होतो, तेवढ्यात बदक एका पाहुण्याच्या मागं लागलं, त्याला सोडवायला धावलो. इथलं बदक फक्त चष्मेवाल्यांना चावतं. का ते कुणालाच कळलेलं नाही. ते जाऊ दे.

तू विचारलंस, तुला दिलेल्या माझ्या जुन्या मोबाईलवर व्हिडिओ बघताना कोपऱ्यात माझा फोटो का दिसतो, आणि तू काय बघतेस ते मला कळतं का. वर हेही लिहिलंस की उत्तर मोबाईलवर पाठवू नको, तो घरात चौघांच्या हातात असतो. म्हणून हा कागद. दहावीच्या पेपरानंतर एवढं लांब पहिल्यांदाच लिहितोय, आणि त्या पेपरचं काय झालं ते तुला ठाऊक आहे.

तर झालं असं. मोबाईल देताना मी माझं खातं त्यातून काढलंच नाही. आळस. तू काही बघितलंस की कंपनी ते माझ्या नावावर मांडून ठेवते, आणि तसलंच आणखी पुढं आणून दाखवते. माझ्या बैलगाडा शर्यती तुला दिसत असतील. तुझं मी काही बघितलेलं नाही. वेळ कुठं आहे मला.

खालापूरला मुनव्वरला विचारलं. झोहराखालाचा मुलगा, त्यानं मोबाईल रिपेरिंगचं दुकान टाकलंय. तो म्हणाला, "खातं काढून टाक, आन् ताईला दुसऱ्या दारानं जायला शिकव." म्हणजे व्हिडिओ तेच बघायचे, पण कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून जायचं नाही. लोकांनी हौसेनं बनवलेली दुसरी दारं आहेत. तिथं नाव विचारत नाहीत, जाहिरात नाही, आणि हे बघा ते बघा म्हणून कुणी मागं लागत नाही.

दारं दोन तऱ्हेची. मला कळेना, तेव्हा त्यानं समजावलं. "तुमच्या वाडीतल्या बायांना दुकानात आतले कपडे मागायची लाज वाटते, म्हणून त्या आमच्या अम्मीला आणायला सांगतात. दुकानदाराला अम्मी दिसते, बाई दिसत नाय. एक तऱ्हा तशी. मधी एक वेबसाइट असते, ती तुझ्यासाठी व्हिडिओ मागून आणते. दुसरी तऱ्हा ॲपची. दुकानात आपणच जायचं, पण तोंडावर पदर घेऊन. कुणीतरी आलं, कुठल्या बाजूनं आलं, एवढं त्याला कळतं. कोण ते नाय कळत."

"यातलं चांगलं कुठलं रं?"

"पहिल्यात अम्मी भरवशाची पायजे. आन् अम्मी मधीच आजारी पडते. त्या वेबसाइट पण तशाच, आज हायत, उद्या बंद."

तुला कुठलं पाहिजे ते कळव. कमळ्याला पापा.

तुझा
लडकू

*

वाडी, चौकजवळ
२७ नोव्हेंबर

लडकू,

पत्र मिळालं. भात झोडून आले तेव्हा खाला अंगणात गाऊन पसरून बसली होती, त्याच गठ्ठ्यात तुझं पत्र. सगळ्या बाया कपडे बघत होत्या, मी पत्र पोलक्यात घातलं.

तू काही बघितलं नाहीस म्हणतोस ते बरं. पण आता लपवून उपयोग नाही. भावाला असलं लिहिताना हात थांबतो, तरी लिहिते.

कमळ्या झाला तेव्हापासून शिंकले, खोकले, हंडा उचलला की माझी लघवी सुटते. थोडीच, पण कपडे ओले होतात. म्हणून मी कुणाच्या लग्नाला जात नाही, जीपमध्ये बसत नाही. सगळ्यांना सांगते, मला गाडी लागते. आईच्या आजारपणाला आले नाही तेव्हा तू बोलला होतास मला. तेव्हाही हेच होतं.

तुझ्या मोबाईलवर एक डॉक्टरीण सापडली. खालचं अंग कसं आखडायचं, किती वेळ धरायचं, कसं सोडायचं, ते ती सांगते. बसल्या बसल्या होतं. चुलीपुढं बसून केलं तरी शेजारच्या माणसाला कळत नाही. मी करत होते आणि फरक पडत होता, लडकू. झोडणीला गेले त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोरडी होते. घरी येऊन मोरीत रडले.

मग बचत गटाची मीटिंग झाली. कुणीतरी काही बोललं, आम्ही हसलो. तशी आमच्या आळीतल्या निलेशची बायको निशिगंधा म्हणाली, "तू फार हसू नको गं वनिते. तुझं हसू खाली गळतं." सगळ्याच हसल्या. म्हणजे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

मी हे नवऱ्याला सांगितलेलं नाही, सासूला नाही, डॉक्टरलाही नाही. त्या मोबाईलशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तू चार गावं फिरलास, तुला यातलं कळतं, म्हणून विचारते. मोबाईल आपणहून दुसऱ्याला सांगतो का?

वनिता

*

कर्जत
८ डिसेंबर

ताय,

तुझं पत्र वाचून झाडाखाली बसून राहिलो. भिवाजीकाका, आमचे आचारी, दोनदा जेवायला हाक मारून गेले.

तू विचारलंस त्याचं उत्तर हो आहे. सांगतो मोबाईल. म्हणजे तोंडानं नाही, पण त्याची तऱ्हा असते. एका आळीत राहणाऱ्यांना, एकाच टॉवरवरच्यांना कंपनी सारखंच दाखवते. तू ते व्हिडिओ बघितलेस, मग निशिगंधाच्या मोबाईलवर पण ते आले असतील, तिनं अंदाज बांधला असेल. या कंपन्या लई हरामखोर, ताय. मुनव्वर तर म्हणतो, आपण काय खातो तेही त्यांना ठाऊक असतं. माथेरानला मी घोडा धरायचो तेव्हा एका पाहुण्यानं घोड्यासाठी मलम शोधलं, तर पुढं त्याला दिवसभर घोड्याच्याच जाहिराती. तो घोडा पण नंतर बरा झाला. लंगडायचा आधी.

म्हणून दुसरं दार लवकर घालून घ्यायला पाहिजे. मला वाटतं तू ॲपच घे. मोबाईल खालाजवळ दे, मुनव्वर टाकून देईल. मग काही भीती नाही.

अजून एक सांगायचं होतं, पण जागा संपली.

लडकू

*

वाडी
२२ डिसेंबर

लडकू,

मोबाईल खालाजवळ दिला नाही. बंद करून डाळीच्या डब्यात ठेवलाय. घरी सांगितलं, बिघडला.

तू म्हणतोस दुसरं दार घाल. पण मोबाईल तोच ना? ज्याला सांगायची खोड आहे तो या दारानं सांगेल नाहीतर त्या दारानं. दार बदलून त्याचं तोंड कसं बंद होणार?

व्यायाम सोडला. डॉक्टरीण काय सांगायची ते थोडं आठवतं, पण किती वेळ धरायचं त्यात गोंधळ होतो, आणि करायला बसलं की वाटतं कुणीतरी बघतंय. परत पहिल्यासारखं सुरू झालंय. काल सासूनं, मैनाबायनं, पाटावर बसायला सांगितलं तर मी उभीच राहिले. म्हणाली, "काय गं, काटा रुतलाय का?"

गटातल्या दोघी-तिघींना मी सांगून टाकलं, अंगाचं दुखणं कधी मोबाईलवर बघू नका, तो गावभर करतो. एकीनं माझ्यासमोर सगळं पुसलं. तिला काय होतं ते मी विचारलं नाही, पण तिचा चेहरा बघून कळलं.

तू खरं सांगितलंस म्हणून बरं झालं, नाहीतर मी बघतच राहिले असते. तेवढा तरी तू आहेस मला.

वनिता

*

खालापूर, मुनव्वरच्या दुकानातून
५ जानेवारी २०२५

ताय,

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मला वाचवत नाही. कागद घडी करून ठेवला तरी ती ओळ दिसते.

मोबाईलनं सांगितलं नाही. मी सांगितलं.

फार्महाऊसवर मोठा टीव्ही आहे. पाहुणे नसले की आम्ही त्यावर शर्यती बघायचो, म्हणून मी त्यात माझं खातं घातलं होतं. तेच खातं तुझ्या मोबाईलमध्ये. दिवाळीच्या आधी एक दिवस दुपारी पाहुणे गेले, मी टीव्ही लावला, आणि बैलांच्या मधोमध तुझी डॉक्टरीण. बाळंतपणानंतर लघवी थांबत नाही का, असं मोठ्या अक्षरात. खाली तसलेच आणखी चार. मी, भिवाजीकाका आणि निलेश, तिघंच होतो. निलेश म्हणजे तोच, तुमच्या आळीतला, इथं बागेचं काम करतो.

निलेश म्हणाला, "काय रं लडकू, कवा बाळंत झालास? पेढं नाय वाटलंस ते."

भिवाजीकाका म्हणाले, "पोरगा झाला का पोरगी? कुणावर गेलंय, बदकावर का?"

मला पण हसू येत होतं, ताय. तेवढ्यावर सोडून दिलं असतं तर संपलं असतं. चार दिवस मला बाळंतीण म्हणाले असते, काय बिघडलं असतं? पण निलेश उठून माझ्या पोटाला हात लावायला लागला, आणि मी हात झटकून बोललो, "माझं नाय ते. आमच्या वनीतायचं हाय. जुना मोबाईल तिच्याकडं असतोय."

एवढंच वाक्य. निलेश हसायचा थांबला. "आपली वनिता? कमळ्याची आय?" मी मान हलवली. भिवाजीकाकांनी माझ्या हातातला रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. निदान एक शिवी द्यायला पाहिजे होती त्यांनी.

त्यानंतर तुझी चिठ्ठी आली, तुला कळतं का म्हणून विचारणारी. म्हणून मी एवढे दिवस लिहिलं नाही. पहिल्या पत्रात खोटं बोललो. मग तू सगळं उघड करून लिहिलंस आणि मोबाईल सांगतो का म्हणून विचारलंस, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. मोबाईल काय, तो उलटून बोलणार थोडाच. टॉवरचं, आळीचं मी जुळवून लिहिलं. त्यामुळं तू व्यायाम सोडशील हे डोक्यातच आलं नाही. मला फक्त माझ्यापुरतं दिसत होतं.

आता नीट लिहितो, मुनव्वरला एक एक गोष्ट तीन-तीनदा विचारून. कंपनी मांडून ठेवते हे खरं. माझ्या नावावर होतं म्हणून माझ्या टीव्हीवर आलं, हेही खरं. पण त्या खोलीतून तुमच्या आळीत ते माझ्या तोंडानं गेलं. टीव्हीतलं खातं मी काढलंय आणि खात्यात मांडलेलं सगळं पुसलंय. फार्महाऊस सोडलं. आता इथंच काम करतो, मुनव्वर ठेवील तोवर.

ॲप घेतलंस तर खातं लागणार नाही. काय बघितलं त्याची नोंद ॲप तुझ्याच मोबाईलमध्ये ठेवतं, ती पण बंद करता येते. बंद करून देऊ. पण तू बघत असताना कुणी मागून डोकावलं तर त्याला कुठलंच ॲप काही करू शकत नाही. आणि कंपनीला तुमच्या भागातून कुणीतरी बघतंय एवढं कळतच राहणार. मुनव्वर म्हणाला, हे पण लिही. पूर्ण लपतं असं सांगू नको.

डब्यातून मोबाईल काढ, ताय. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. व्यायाम सोडू नकोस.

लडकू

*

वाडी
१९ जानेवारी

लडकू,

मोबाईल खालाबरोबर पाठवला होता, तो परत आला. मुनव्वरनं स्वतः केलं असं खाला म्हणाली. तू हात लावला नाहीस ना ते मी तिला दोनदा विचारलं.

उघडून बघितलं. त्यानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. डॉक्टरीण शोधली, सापडली. तिच्या खाली दुसरं काहीच आलं नाही, तेव्हा कितीतरी वेळ मी नुसती बघत राहिले. व्यायाम परत सुरू केलाय. पहिल्यापासून करावा लागतोय, गेला तो महिना फुकट गेला. तो तू घालवलास.

सासूला मी सांगितलं. उद्या बाहेरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे म्हटलं. ती म्हणाली, "आन् मला वाटलं तू कोपऱ्यात बसून कुना बाप्याशी बोलतीस. म्हणून मी तुज्यावर नजर ठिवून व्हते." मग म्हणाली, कर्जतला सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर असते, दाखवून ये, मी कमळ्याला सांभाळते. अजून गेले नाही. जीपचं मन होत नाही.

मी मोबाईलला बदनाम केलं होतं, म्हणून गटातल्या बायांना परत सांगावं लागलं. तो नाही, माझा भाऊ बोलला, असं सांगितलं. सगळ्यांसमोर. निशिगंधा समोरच बसली होती, तिनं मान खाली घातली. आता तिघींना ते ॲप पाहिजे. पण एक म्हणाली, "मोबाईल द्यायचा कुठं? त्याच दुकानात ना, जिथं तुजा लडकू बसतोय?"

तुझी माफी मला नको, ती तुझ्याजवळ ठेव. या बाईला काय सांगू तेवढं लिही.

वनिता

*

खालापूर
९ फेब्रुवारी

ताय,

यावेळेस उशीर आळसानं झालेला नाही. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. 'माझ्यावर विश्वास ठेवा' असं लिहिलं की ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटायचं. माझ्यावर ठेवू नये, असंच मी पण म्हटलं असतं.

म्हणून इथं कसं चालतं ते लिहितो, तू त्या बाईला तेवढंच सांग. मोबाईल आम्ही आत नेत नाही. ज्याचा त्यानं हातात धरायचा, आम्ही समोरून सांगायचं, इथं दाब, तिथं दाब. काय शोधायचं ते घरी जाऊन. मी मुनव्वरला म्हटलं असं करू या, तर तो म्हणाला, "दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लावशील तू." पण आता तो पण तसंच करतो. कुणाला ॲप, कुणाला वेबसाइट, हे आम्ही ठरवत नाही. ज्याच्या मोबाईलमध्ये जागाच नाही त्याला वेबसाइट दाखवतो आणि सांगतो, बंद पडली तर घाबरू नको. मागच्या आठवड्यात ॲप पण बंद पडलं होतं, कंपनीनं आतलं काहीतरी बदललं म्हणे. दोन दिवसांनी नवीन आलं, ते घालून घ्यावं लागतं. तुझं चालत नसलं तर खालाजवळ निरोप दे. ॲप त्यांच्या स्वतःच्या जागेवरूनच घ्यायचं, कुणी मेसेजमधून पाठवलं तर घ्यायचं नाही, त्यात नकली पण असतात.

बाकी मला इथं करमत नाही, खोटं कशाला बोलू. समोरून एसटी गेली की पाय शिवशिवतात. एका टेंपोवाल्यानं अलिबागला चल म्हटलं. मी म्हटलं, बघू. असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही, सरळ चढायचो. रविवारी निलेश रस्त्यात दिसला. त्यानं तोंड फिरवलं, मी पण फिरवलं. त्याला काय बोलणार? तो माझ्याकडूनच शिकला.

दवाखान्याचं बघ, ताय. जीप नको तर मुनव्वर रिक्षा सांगतो, झोहराखाला बरोबर येईल, मध्ये कुठंही थांबवता येईल. मी येणार नाही, काळजी करू नको. तू बोलावलंस तरच

थांब, दुकानात कुणीतरी आलंय.

मुनव्वर जेवायला गेलाय, काउंटरला मी एकटाच. तू शंभर नावं घेतलीस तरी यात हे नाव यायचं नाही. मला बघून ते माणूस पायरीवरच थबकलं, परत वळलं, पुन्हा आलं. मी स्टूल पुढं केलं. आता बसलंय, मोबाईल मुठीत घट्ट धरून. इकडंतिकडं बघून हळूच म्हणालं, "ते दुसऱ्या दाराचं मला पण दाखव. आन् कुनाला सांगू नको रं."

वनिताताय, कोण आलंय ते मी लिहिणार नाही. बाई की बाप्या, तेही नाही. तुलासुद्धा नाही.

लडकू